३९ मिलिमीटरचे आटे, पाच लेन्स: माउंट ओळखण्याच्या नोंदी

४ जून, सातारा

बंद झालेल्या एका फोटो स्टुडिओच्या कपाटातून पाच सुट्या लेन्स आल्या. कॅमेरे नाहीत, मागची झाकणं नाहीत. विकणाऱ्याच्या यादीत पाचही लेन्सपुढे 'लायका आट्याची' एवढाच शेरा. काम एकच: प्रत्येकीचं माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणारा भाग, नक्की करायचं, आणि ते होईपर्यंत कुठल्याही कॅमेऱ्यावर वा जोडणाऱ्या रिंगेवर जोर लावून चढवायची नाही. आट्यांची कड एकदा मोडली की पुढचं प्रत्येक माप संशयाचं होतं.

क्र. १: आत सरकणारी नळी, पितळेवर निकेलचा मुलामा, समोरच्या कडीवर 'लाइट्झ एल्मार, ५ सेंमी, १:३.५'. लाइट्झ म्हणजे लायका कॅमेरे बनवणारी जर्मन कंपनी. ॲपर्चरचे (उजेड आत सोडणाऱ्या भोकाचे) आकडे ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८, म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वीची मालिका.

क्र. २: ५० मिमी, एफ/२, चंदेरी ॲल्युमिनियम, नाव रशियन लिपीत. यादीत 'दहा पीटर' लिहिलंय. पहिलं अक्षर म्हणजे उभी रेघ आणि आडव्या दांडीने तिला जोडलेलं वर्तुळ, त्यामुळे ते इंग्रजी दहाच्या आकड्यासारखं दिसतं. तो 'यु' आहे. नाव युपिटर-८, आपल्याकडच्या बोलण्यात ज्युपिटर-८. या लेन्सला अंतराची (फोकसची) कडी नाही, फक्त ॲपर्चरची आहे.

क्र. ३: इंडुस्टार-५०, ५० मिमी, एफ/३.५, भाकरीसारखी चपटी. क्र. ४: ज्युपिटर-११, १३५ मिमी, एफ/४, चंदेरी. नंबरचे पहिले दोन आकडे ६२. सोव्हिएत लेन्सवर बहुतेक वेळा ते निर्मितीचं साल असतं, म्हणून १९६२ धरलं. समोरच्या कडीवर लाल रंगात कमानीसारखं एक अक्षर आहे, ते काचेवर कोटिंग असल्याची खूण. माउंटशी त्याचा संबंध नाही. क्र. ५: ५० मिमी, काळी, अंतराची कडी नाही, ॲपर्चर टकटक करत फिरतं.

क्र. ५ चा निकाल आजच लागला. आटे ३९ मिमीचे, पण अंतराची कडी नाही, रेंजफाइंडरशी (कॅमेऱ्यातल्या अंतर जुळवणाऱ्या यंत्रणेशी) जोडणारा भाग नाही, वरच्या बाजूची खूण नाही. ही एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढणाऱ्या यंत्राची लेन्स. एन्लार्जर बनवणाऱ्यांनी लायकाचाच आटा घेतला, म्हणून ती लायकावर सहज बसते, पण तिथे फोकस करायला काहीच नसतं. डार्करूमचा प्रिंट काढायला उत्तम. वेगळ्या डबीत ठेवली.

५ जून

सफाई. जुन्या ग्रीसचं आता मेण झालंय आणि आट्यांच्या खाचेत धूळ दाबून बसलीय. अशा आट्यावर गेज टेकवलं तर ते मळावर बसतं, धातूवर नाही. लेन्स आटे खाली येतील अशी धरली, म्हणजे पेट्रोल आणि मळ मागच्या काचेकडे उतरत नाही. मऊ टूथब्रश पेट्रोलमध्ये बुडवून, झटकून, मग फिरवला. खाचेतला मळ उदबत्तीची काडी टोकदार करून काढला. बांबूने ॲल्युमिनियमला ओरखडा जात नाही. सुईने जातो.

व्हर्नियरवर क्र. १, ३, ४ चा बाहेरचा व्यास ३८.८५ ते ३८.९५. म्हणजे तिन्ही '३९'. इथेच बहुतेक लोक थांबतात आणि चुकतात, कारण ३९ मिमी व्यासाचे एकाहून जास्त माउंट आहेत आणि व्यासावरून त्यांच्यात फरक करता येत नाही.

लायकाचा खरा आटा ३९ मिमी, पण त्याची चाल इंचात: इंचाला २६ आटे, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंत ०.९७७ मिमी. माउंटच्या बसणीपासून फिल्मपर्यंतचं अंतर, म्हणजे रजिस्टर, २८.८ मिमी. हे माप १९३१ पासून पक्कं झालं. सुरुवातीच्या सोव्हिएत फेड कॅमेऱ्यांचा आटा ३९ मिमी, चाल मात्र १.० मिमी. कॅननच्या जुन्या 'जे' माउंटचा ३९ मिमी, इंचाला २४ आटे, म्हणजे १.०५८ मिमी. पहिल्या झेनिट एसएलआरचा (लेन्समधून आरशाने बघायच्या सोव्हिएत कॅमेऱ्याचा) ३९ मिमी आणि १.० मिमी, पण रजिस्टर ४५.२, कारण आरशाला जागा लागते. ब्राउन पॅक्सेटचा ३९ आणि १.०, रजिस्टर ४४.०. आणि वर एन्लार्जर. तेव्हा मोजायच्या गोष्टी तीन: आट्याची चाल, रेंजफाइंडरचा जोड, आणि रजिस्टर. शेवटचं माप सगळ्यांत महत्त्वाचं, कारण तिथे लेन्सला खोटं सांगता येत नाही.

६ जून

क्र. २ ला मागे आटेच नाहीत. नळीच्या बुडाशी तीन छोटे दात आहेत. हा कॉन्टॅक्सचा आतला बायोनेट, म्हणजे आट्यांऐवजी दातांनी अडकणारं माउंट. कॉन्टॅक्स हा जर्मन कॅमेरा १९३२ मध्ये आला, युद्धानंतर त्याच यंत्रसामग्रीवरून सोव्हिएत युनियनमध्ये किएव बनला, आणि माउंट तसंच राहिलं. या पद्धतीत ५० मिमीच्या लेन्सचं फोकसिंग कॅमेऱ्याच्या अंगात असतं, म्हणून लेन्सवर अंतराची कडी नसते. इतर फोकल लांबीच्या लेन्स बाहेरच्या बायोनेटवर बसतात आणि त्यांना स्वतःची कडी असते. ज्युपिटर-८ लायकाच्या आट्यातही निघाली, पण त्या लेन्सला अंतराची कडी असते. तेव्हा नावावरून नाही, कडी आहे की नाही यावरून ठरवायचं.

एक सावधगिरी. निकॉनच्या एस मालिकेतला बायोनेट दिसायला हुबेहूब हाच आणि ही लेन्स त्यावर बसतेही. पण निकॉनची फोकसिंगची चाल लायकाच्या हिशेबाने, ५१.६ मिमी फोकल लांबी धरून केलेली, तर कॉन्टॅक्सची ५२.४ धरून. एक मीटरवर फोकस करायला पहिल्या हिशेबात लेन्स साधारण २.९८ मिमी पुढे येते, दुसऱ्यात ३.०८. फरक ०.१ मिमी. एफ/२ वर फिल्मपाशी दोन्ही बाजूंना साधारण ०.०६ मिमीच सवलत असते, त्यामुळे डोळ्यावर केलेलं फोकस कानावर किंवा नाकावर जातं. एफ/५.६ वर सवलत ०.१७ होते आणि चूक झाकली जाते. अनंतावर दोन्ही सारखेच, म्हणून दूरचा डोंगर टिपून 'बसते की' असं ठरवू नये.

आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर लावायची तर हेलिकॉइड (फिरवून पुढे-मागे होणारी नळी) असलेली रिंग हवी. साधी सपाट रिंग घेतली तर लेन्स एकाच अंतरावर अडकून राहील. क्र. २ चं काम झालं.

७ जून

क्र. १, ३, ४ हलक्या हाताने एका एल३९ (लायका आट्याच्या) रिंगेत फिरवून पाहिल्या. आधी लेन्स उलट दिशेला फिरवायची. 'टक्' असा छोटा ठोका बोटाला लागतो, तिथे आट्याचं तोंड असतं. तिथून सरळ दिशेने, फक्त दोन बोटांनी.

क्र. ४ शेवटपर्यंत गेली, बसणीवर टेकली. क्र. १ दोन फेऱ्यांनंतर जड झाली, थांबवली. क्र. ३ देखील तशीच.

अडकण्याची दोन कारणं असतात आणि ती बोटांना वेगळी कळतात. आटा ठेचलेला असेल तर लेन्स प्रत्येक फेरीत एकाच जागी अडखळते आणि चरचरते. चालच वेगळी असेल तर अडथळा हळूहळू, सारखा वाढत जातो. १.० आणि ०.९७७ मध्ये प्रत्येक फेरीमागे ०.०२३ मिमी फरक साचतो. दोन फेऱ्यांत ०.०४६, तीन फेऱ्यांत ०.०७, आणि आट्यांमधली मोकळीक संपते. इंचाला २४ वाली लेन्स असती तर फेरीमागे ०.०८ फरक पडला असता आणि पहिल्या फेरीतच अडकली असती. दोन फेऱ्या जाऊन अडकणं हे १.० कडे बोट दाखवतं. पण रिंग खरोखर २६ ची आहे का, हे आधी बघायला हवं. बाजारातल्या सगळ्या एल३९ रिंगा खऱ्या चालीच्या असतात असं धरून चालत नाही.

९ जून

थ्रेड गेजच्या संचात मिमीची पाती होती, इंचाला २६ आट्यांचं पान नव्हतं. ते सायकलच्या दुकानात मिळालं, म्हणजे गेज नव्हे, एक्सल. जुन्या बावीस इंची काळ्या सायकलच्या चाकाचा एक्सल ब्रिटिश मापाचा. त्यावर २५.४ मिमी लांबीत आटे मोजले: बरोबर २६. गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकाचा पोकळ, क्विक रिलीजचा एक्सल १० मिमी व्यासाचा आणि १.० चालीचा. तोही २० मिमीत मोजला: २० आटे. दोन्ही माप हातात आली, तीही भंगाराच्या भावात.

पद्धत: एक्सल लेन्सच्या आट्यांवर समांतर ठेवायचा, एकाच्या खाचेत दुसऱ्याची धार. मागून टॉर्चचा उजेड, पुढून दहापट मोठं दाखवणारं भिंग, म्हणजे लूप. दोन्ही बाहेरचेच आटे असल्याने धारा किंचित तिरक्या येतात, म्हणून एक्सल जरा कलता धरावा लागतो. लेन्सवर चार-पाचच आटे असतात. चाल जुळत असेल तर सगळ्या खाचांत उजेडाची रेघ सारखी. जुळत नसेल तर पहिली खाच बंद दिसते आणि चौथ्या-पाचव्या खाचेत एका बाजूला उजेडाची पाचर दिसते. चार आट्यांत फरक ०.०९ मिमी साचतो, केसाच्या जाडीच्या आसपास. लूपमधून तो लपत नाही.

निकाल: क्र. ४ काळ्या सायकलशी जुळली, आणि ती रिंगेत पूर्ण गेली होती, म्हणून रिंगही २६ चीच. क्र. १ आणि क्र. ३ गिअरच्या सायकलशी जुळल्या. दोघींचे आटे लूपखाली सरळ, ठेच कुठेही नाही.

यातला मोठा मुद्दा क्र. १. कडीवर लाइट्झचं नाव आहे आणि आटा १.० चा.

११ जून

मागून पाहणी, अंतराची कडी फिरवत. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे, आट्यांच्या आत, एक धातूची कडा असते. कडी फिरली की ती कडा मागे-पुढे होते आणि कॅमेऱ्यातल्या दांडीला ढकलते. ५० मिमीच्या लेन्समध्ये ती पूर्ण गोल आणि सपाट असते, कारण लेन्स जितकी सरकते तितकीच दांडी सरकायला हवी. १३५ मिमीच्या लेन्सला मात्र फोकससाठी कितीतरी जास्त सरकावं लागतं आणि दांडीला ५० मिमीच्या लेन्सएवढंच सरकायचं असतं, म्हणून तिथे कडेचा वेग वेगळा ठेवलेला असतो.

क्र. १: सपाट गोल कडा, फिरवताना सरळ मागे-पुढे. जोड आहे. क्र. ४: जोड आहे, आणि कडा नळीपेक्षा हळू सरकते. क्र. ३: काहीच नाही, आट्यांच्या आत थेट काचेची कडी. एसएलआरला असा जोड लागत नाही, कारण तिथे फोकस आरशातून दिसतं. चपटेपणाही त्याच कारणाने. इंडुस्टार-५० रेंजफाइंडरसाठीही निघाली, पण ती उंच नळीची किंवा आत सरकणारी असते. माउंट फिल्मपासून १६ मिमी दूर गेलं की नळी तेवढी बुटकी होते. क्र. ३ झेनिटची असावी, पॅक्सेटची शक्यता नावावरूनच कमी. तरी रजिस्टर मोजल्याशिवाय शेरा लिहायचा नाही.

१३ जून

रजिस्टर मोजण्यासाठी जिग, म्हणजे मापाचा साचा. आट्यांचा प्रश्नच उरू नये म्हणून आटे न वापरता लेन्स फक्त बसणीवर टेकवायची. एमआयडीसीतल्या टर्नरकडून ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या काढून घेतल्या. बाहेरचा व्यास ५०, आतला ४१. आटे ३९ चे, ते आत मोकळे राहतात आणि लेन्सची बसण नळीच्या कडेवर टेकते. लांबी २८.८०, १६.४० आणि १५.२०, दोन्ही तोंडं समांतर, ०.०२ च्या आत. पहिली एकटी म्हणजे लायका. पहिली अधिक दुसरी म्हणजे ४५.२०, झेनिट. पहिली अधिक तिसरी म्हणजे ४४.००, पॅक्सेट. आतल्या बाजूला काळा चॉकबोर्ड रंग, नाहीतर चकाकीने चित्र फिकं पडतं.

पडद्यासाठी २ मिमी काच व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने घासली. काचेवर चिमूटभर पेस्ट, थोडं पाणी, वर दुसरी काच, पंधरा मिनिटं आठच्या आकड्यात फिरवायची. बारीक पेस्टच घ्यावी. जाड पेस्टच्या रव्यात लूपखाली चित्राची कड हरवते. घासलेली बाजू नेहमी लेन्सकडे. ती चुकून बाहेर राहिली तर काचेच्या जाडीमुळे जवळपास १.३ मिमीची चूक येते, म्हणजे पॅक्सेट आणि झेनिट यांच्यातल्या फरकाएवढी.

१६ जून

५० मिमीच्या लेन्सना 'अनंत' म्हणून अजिंक्यताऱ्यासारखा दूरचा किल्ला लागत नाही. ३१० मीटरवरची पाण्याची टाकी घेतली (अंतर फोनच्या नकाशावर मोजलं). तेवढ्या अंतरावर आणि खऱ्या अनंतावर फोकसमध्ये फरक ०.००९ मिमी, आपल्या मापात न दिसणारा. १३५ मिमीला मात्र तोच फरक ०.०६ होतो, म्हणून क्र. ४ ला दूरचं लक्ष्य हवं.

क्र. ३, ॲपर्चर पूर्ण उघडं, कडी अनंतावर. २८.८० वर टाकीच ओळखू येत नाही. हिशेबाने प्रत्येक बिंदूचं ४.७ मिमीचं वर्तुळ होतं. ४४.०० वर पुसट, पण कडी दोन मीटरच्या खुणेजवळ आणली की टाकीची शिडी स्पष्ट. ४५.२० वर कडी अनंताच्या अडणीला टेकलेली असतानाच शिडीच्या पायऱ्या वेगवेगळ्या दिसल्या. म्हणजे झेनिट, ३९×१, ४५.२. इथे कडी अडणीवर असणं महत्त्वाचं. 'टाकी कुठेतरी स्पष्ट दिसली' एवढ्यावर ठरवलं असतं तर पॅक्सेट लिहून बसलो असतो.

ही लेन्स रेंजफाइंडरवर लावली तर कधीच फोकस होणार नाही. उलट रेंजफाइंडरची ५० मिमी झेनिटवर लावली तर ती १६.४ मिमीच्या एक्स्टेन्शनसारखी वागते आणि साधारण २२ सेंटिमीटरवरचंच स्पष्ट दिसतं. लेन्स 'बिघडलेली' म्हणून विकली जाते, त्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

क्र. १, नळी पूर्ण बाहेर ओढून, फिरवून पक्की केलेली. (ती अर्धवट राहिली तर सगळी मापं निरर्थक.) २८.८० वर कडी अनंतावर असताना टाकी किंचित मऊ, पण समोरचा विजेचा खांब, त्यावरच्या पत्र्याचे आकडे एकदम स्पष्ट. खांब टेपने मोजला: १५ मीटर. लेन्स अनंतावर असताना १५ मीटरवर फोकस आहे, म्हणजे चित्र जवळपास ०.१८ मिमी आधी पडतंय. या लेन्सचं रजिस्टर २८.८ पेक्षा कमी आहे आणि नळी तर नेमकी २८.८० ला कापलेली, त्यामुळे खाली मोजायला जागा नाही. नळी आधीच ०.५० ने आखूड काढून शिमने (पातळ पत्र्याच्या तुकड्यांनी) उंची भरायला हवी होती. टर्नरकडे परत.

१८ जून

नळी २८.३० झाली. काचेखाली पितळी शिमचे तीन सारखे तुकडे, १२० अंशांवर. ०.५० चे शिम म्हणजे पुन्हा २८.८०. क्र. १ साठी ०.४०, ०.३५, ०.३०, ०.२५ असं उतरत गेलो. टाकीची शिडी ०.३० आणि ०.३५ च्या मधे सर्वांत स्पष्ट. पाच वेळा काच उचलून परत ठेवून पाहिलं. सरासरी रजिस्टर २८.६२.

२८.६२ हे कुठल्याच कोष्टकातलं माप नाही, आणि तेच बोलकं आहे. युद्धापूर्वीच्या फेडमध्ये रजिस्टर पक्कं नव्हतं. प्रत्येक कॅमेऱ्याला त्याची लेन्स कारखान्यातच जुळवून दिली जायची. फेड हा १९३४ पासून खारकिवच्या श्रमिक वसाहतीत बनलेला, लायका II वरून घेतलेला कॅमेरा. त्याचा आटा १.०. मग कडीवर लाइट्झ कसं?

२१ जून

तीन दिवस पाऊस. यवतेश्वराच्या बाजूने ढग खाली उतरलेत, अजिंक्यतारा दिसतच नाही. क्र. ४ थांबली. अंधाऱ्या खोलीत क्र. १ चं काम केलं.

खरी एल्मार आणि फेडची लेन्स बाहेरून सारख्याच, चार काचांच्या, पण ॲपर्चरची पाती वेगळ्या जागी असतात. एल्मारमध्ये पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात. फेडच्या लेन्समध्ये टेसर या लेन्सरचनेप्रमाणे दुसऱ्या काचेच्या मागे, चिकटवलेल्या जोडीच्या पुढे. समोरची कडी कोणीही कोरून देईल. पाती हलवायला अख्खी लेन्स नव्याने काढावी लागेल.

बघायची रीत: ॲपर्चर १८ वर बंद करायचं. एकच बारीक दिवा (फोनचा टॉर्च, त्यावर काळ्या कागदात पाडलेलं छिद्र) तिरका धरून समोरून बघायचं आणि पात्यांच्या पुढची प्रतिबिंबं मोजायची. काचेचा प्रत्येक मोकळा पृष्ठभाग एक ठिपका देतो. पात्यांपुढे एकच काच असेल तर दोन ठिपके, दोन काचा असतील तर चार. लेन्स जरा हलवली की काही ठिपके हाताच्या दिशेने सरकतात, काही उलट, त्यामुळे एकावर एक आलेलेही सुटे होतात. मधल्या बारीक भोकातून मागच्या काचेचा ठिपका दिसला तर तो धरायचा नाही. दिवा तिरका असला की तो नाहीसा होतो.

चार ठिपके. मागून पाहिलं तर दोन ठळक आणि एक फार मंद, तो मंद म्हणजे चिकटवलेल्या सांध्याचा. एल्मार असती तर मागून चार ठळक दिसायला हवे होते. ही फेडची लेन्स आहे, तिच्यावर लाइट्झचं नाव नंतर कोरलं गेलंय. आटा, रजिस्टर आणि पात्यांची जागा, तिन्ही साक्षी एकाच बाजूला. लूपमधून कोरीव अक्षरांच्या तळाशी ताजं पितळ दिसतं, त्यावर निकेल नाही. कारखान्यात आधी कोरतात, मग मुलामा देतात.

लेन्स म्हणून ती चांगली आहे, काच स्वच्छ आहे. एल्मारचे पैसे मात्र तिला द्यायचे नाहीत.

२७ जून

सकाळी साडेसहाला ढग फुटले आणि अजिंक्यताऱ्यावरचा टीव्ही टॉवर पूर्ण दिसला. गच्चीवरून दीड किलोमीटरच्या वर. १३५ मिमीला तेवढ्या अंतरावर चूक ०.०१२ मिमीच राहते. क्र. ४, कडी अनंतावर, ०.५० चे शिम (२८.८०): टॉवरच्या तिरक्या पट्ट्या एकमेकांत मिसळलेल्या. कडी अडणीच्या जरा आत, साधारण ४५ मीटरच्या जागी आणली की पट्ट्या सुट्या. शिम वाढवत ०.९० वर, म्हणजे २९.२० वर, कडी अडणीवर असताना टॉवर स्पष्ट.

२९.२० देखील कोष्टकात नाही. पण इथला अर्थ वेगळा. आटा २६ चा, जोड आहे, १९६२ ची लेन्स, तेव्हा माउंट लायकाचंच असायला हवं. मापात एवढासा फरक आला की नवं माउंट शोधायचं नसतं, आधी लेन्स कोणी उघडली होती का ते बघायचं. समोरचा काचांचा डबा फिरवून सुटतो. त्याच्या मुळाशी पातळ शिमची कडी असायला हवी. नाहीये. ती नसल्याने डबा ०.४ मिमी आत बसलाय आणि चित्र तेवढंच मागे पडतंय. स्क्रूच्या खाचांवर घसरलेल्या पेचकसाच्या खुणाही आहेत.

साडेसातपर्यंत पुन्हा धुकं. एवढ्यात काम झालं हे नशीब. या दिवसांत असं माप घ्यायचं तर जिग आदल्या रात्रीच मांडून ठेवावा.

१ जुलै

क्र. ४ साठी ०.४० मिमी पितळी पत्र्याची कडी. पत्रा दोन लाकडी फळ्यांत दाबून लेथवर कापला, नाहीतर पातळ कडी वळते. कडा पॉलिश पेपरवर ओल्या घासल्या, कापताना उरलेली कड ०.०५ ची असली तरी तेवढीच चूक फोकसमध्ये येते. कडी बसवून संध्याकाळी टाकीवर कच्ची तपासणी: ०.५० च्या शिमवर अडणीला टेकून स्पष्ट, टाकीच्या अंतराची ०.०६ ची चूक सोडून. टॉवरवरची पक्की तपासणी ढग उघडतील तेव्हा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिमने काचांचा डबा पुढे येतो, जोडाची कडा हलत नाही. म्हणून आधी डब्याचं रजिस्टर बरोबर करायचं आणि मगच, कॅमेरा हाती आल्यावर, रेंजफाइंडरचं चित्र जुळतं का पाहायचं. उलट क्रमाने केलं की दोन चुका एकमेकींना लपवतात.

५ जुलै

क्र. १ चे आटे २६ ला कापून घेण्याचा विचार सोडला. त्यात मूळ आटा जातो आणि २८.६२ ची अडचण तशीच राहते. त्याऐवजी सोनी ई माउंटसाठी रिंग. ई माउंटचं रजिस्टर १८.०, म्हणून रिंगेची उंची २८.६२ वजा १८.० म्हणजे १०.६२. आतला आटा ३९×१, भोक ३८.० ला बोअर करून मग आटा. १.० ची चाल मिमीच्या लेथवर सरळ निघते. २६ ची असती तर गिअर बदलावे लागले असते. टर्नरला चित्रासोबत लेन्स नाही, गिअरच्या सायकलचा तो एक्सल आणि मापांची चिठ्ठी दिली. लेन्स वर्कशॉपच्या बुरात न्यायची नाही.

पहिल्यांदा रिंगेचा आटा घट्ट निघाला. पुन्हा एक हलका काप घेतल्यावर लेन्स दोन बोटांनी शेवटपर्यंत. उंची मायक्रोमीटरवर १०.६०. ०.०२ आखूड आहे ते चालेल, कारण आखूड रिंगेने अनंत गाठता येतं, उंच रिंगेने येत नाही.

नळी आत ढकलायची नाही, असं रिंगेवर लाल रंगात लिहिलं. फिल्म कॅमेऱ्यात सरकणाऱ्या नळीला आत जागा असते. डिजिटल कॅमेऱ्यात तिथे शटर आणि सेन्सर येतो.

१० जुलै

सकाळी दहा मिनिटं टॉवर दिसला. क्र. ४, ०.५० चे शिम, कडी अडणीवर: पट्ट्या सुट्या. शिम ०.४५ आणि ०.५५ वर दोन्हीकडे सारख्याच मऊ होतात. म्हणजे २८.८०.

चिठ्ठ्या लिहून प्रत्येक डबीत टाकल्या. क्र. १: फेड, ३९×१, स्वतःचं रजिस्टर २८.६२, कडीवरचं नाव खोटं. क्र. २: कॉन्टॅक्स-किएव, आतला बायोनेट, निकॉनवर जवळचं फोकस चुकेल. क्र. ३: झेनिट, ३९×१, ४५.२, जोड नाही. क्र. ४: लायका आटा, इंचाला २६, २८.८, ०.४० चा शिम घातलेला. क्र. ५: एन्लार्जर. डब्या हवाबंद, आत सिलिका जेलच्या पुड्या. तांदूळ नको, त्याची पूड आट्यांत जाते. सप्टेंबरपर्यंत दर रविवारी पुड्यांचा रंग बघायचा, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत.